हंगेरी २०२२, पोलंड २०२३: लोकशाही पोखरली जात असताना मतदार नेमका कधी हलतो?

उत्तरायण

मध्य युरोपातल्या दोन निवडणुका शेजारी ठेवून पाहिल्या की एक प्रश्न पाठ सोडत नाही.

३ एप्रिल २०२२ ला हंगेरीत विक्टर ओर्बान यांच्या फिदेस आघाडीला ५४.१३ टक्के मतं आणि १९९ पैकी १३५ जागा मिळाल्या. तोवर त्यांच्या सलग सत्तेला बारा वर्षं होत आली होती. नवी राज्यघटना, नवा निवडणूक कायदा, कह्यात घेतलेली माध्यमं, हे सगळं लोकांच्या डोळ्यांदेखत झालं होतं. तरी मतं वाढली.

१५ ऑक्टोबर २०२३ ला पोलंडमध्ये 'कायदा आणि न्याय' पक्ष (पोलिश आद्याक्षरांवरून 'पिस', पुढे तेच लिहितो) ३५.३८ टक्के मतं घेऊन पहिला आला, पण ४६० पैकी १९४ जागांवर अडकला आणि आठ वर्षांची सत्ता गेली. मतदान झालं ७४.३८ टक्के, १९८९ नंतरचं सर्वाधिक.

दोन्हीकडे न्यायालयांवर घाला आला, सरकारी वाहिनी पक्षाची झाली. मग एकीकडे मतदार उठला आणि दुसरीकडे नाही, असं का?

माझं मत मांडतो, खोडून काढा. लोकशाहीची झीज हा मुद्दा एकट्याने मत फिरवत नाही. ती झीज घरात पोचावी लागते, आणि नाराज माणसाला आपली लाज न घालवता जाता येईल असा दुसरा पक्ष लागतो. पोलंडमध्ये दोन्ही होतं, हंगेरीत २०२२ ला दोन्ही नव्हतं.

चर्चा शक्यतो या दोन निवडणुकांभोवती ठेवूया.

---

आकडेमोड

चांगला विषय. 'झीज एकट्याने मत फिरवत नाही' या तुमच्या वाक्याला पुरावा देतो.

ग्रॅहम आणि स्वोलिक या दोन अभ्यासकांनी २०२० मध्ये अमेरिकेतल्या मतदारांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. थेट 'तुम्हाला लोकशाही हवी का' असं विचारलं तर जवळपास सगळेच हो म्हणतात, म्हणून त्यांनी तसं विचारलंच नाही. दोन काल्पनिक उमेदवार समोर ठेवायचे. पक्ष, वय, कर, स्थलांतर अशा बाबतीतल्या भूमिका चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून द्यायच्या. त्यातच कधीतरी एखाद्या उमेदवाराला 'न्यायालयाचा प्रतिकूल निकाल पाळू नये' किंवा 'विरोधकांची मतदान केंद्रं कमी करावीत' अशा धाटणीची भूमिका चिकटवायची. मग नुसतं विचारायचं, मत कोणाला?

अशी एक भूमिका घेतली की उमेदवाराची सरासरी ११.७ टक्के मतं जात होती. ऐकायला बरं वाटतं. पण प्रत्यक्ष निवडणुकीत उमेदवार पक्षाचे असतात आणि मतदारही. ते धरून हिशेब केला तर केवळ लोकशाहीच्या तत्त्वापायी शिक्षा करणारे मतदार उरतात सुमारे ३.५ टक्के. ध्रुवीकरण जितकं जास्त, तितका हा आकडा खाली येतो.

त्याच अभ्यासात माँटाना राज्यातली पोटनिवडणूक आहे. २४ मे २०१७ च्या संध्याकाळी, मतदानाच्या आदल्या दिवशी, रिपब्लिकन उमेदवार ग्रेग जियानफोर्टे यांनी प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराला खाली आपटलं. निम्म्याहून जास्त मतं त्याआधीच टपालाने पडलेली होती, म्हणजे आधीचे आणि नंतरचे मतदार आयतेच वेगळे झाले. जिथे मतदार काठावरचे होते तिथे जियानफोर्टे यांना फटका बसला. कट्टर भागात पक्षनिष्ठा भारी पडली. ते निवडून आले.

---

खडीसाखर

म्हणजे ९६ टक्क्यांना लोकशाहीची पर्वाच नाही असं म्हणायचंय का? हे पटत नाही.

---

आकडेमोड

नाही ताई, तसं नाही. पर्वा आहे, पण कर, धर्म, स्थलांतर, पक्ष या सगळ्यांसोबत ती एकाच तराजूत पडते. ज्याला विरोधी पक्षाचं सगळंच नकोसं वाटतं, त्याला आपल्या पक्षाची एक वाईट गोष्ट चालवून घेणं स्वस्त पडतं. म्हणून ध्रुवीकरण वाढवणं हे अशा नेत्यांच्या फायद्याचं असतं.

---

बोरीबंदर

हंगेरीचा मतदार उठला नाही असं म्हणण्याआधी त्याच्या मताचं वजन काय राहिलं होतं ते बघा.

हंगेरीत मतदार एक मत मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाच्या यादीला देतो. २०१० मध्ये फिदेसला यादीवर ५२.७ टक्के मतं पडली आणि ३८६ पैकी २६३ जागा मिळाल्या, म्हणजे दोन तृतीयांशाच्या वर. तो निकाल जुन्याच कायद्याने लागला होता, त्यात काही गैर नव्हतं. आधीचे समाजवादी पंतप्रधान ज्युर्चान्य यांचं 'आपण सकाळ, दुपार, संध्याकाळ खोटं बोललो' हे बंद दाराआडचं भाषण २००६ मध्ये फुटलं होतं आणि तो राग चार वर्षं मुरला होता.

दोन तृतीयांश हाती आल्यावर २०११ मध्ये नवा निवडणूक कायदा आला:

- जागा ३८६ वरून १९९. त्यातल्या १०६ मतदारसंघातून, ९३ यादीतून.
- मतदारसंघात आधी दोन फेऱ्या होत्या, म्हणजे पहिल्या फेरीनंतर विरोधकांना एकमेकांसाठी माघार घेता यायची. ती दुसरी फेरी काढून टाकली.
- हरलेल्या उमेदवाराची मतं पक्षाच्या यादीत जमा व्हायची, हे आधीपासून होतं. आता विजेत्याची जास्तीची मतंही जमा होऊ लागली. समजा विजेत्याला २५,००० आणि दुसऱ्याला १८,००० मतं पडली. दुसऱ्याची १८,००० त्याच्या यादीत जातात, आणि विजेत्याला जागा मिळूनही त्याची उरलेली ६,९९९ त्याच्या यादीत जातात. एकाच मताचं दोनदा माप.

परिणाम बघा. २०१४ मध्ये फिदेसला ४४.८७ टक्के मतं मिळाली आणि जागा १३३. १९९ मध्ये दोन तृतीयांशासाठी नेमक्या १३३ लागतात.

भर म्हणून शेजारच्या देशांत राहणाऱ्या आणि नागरिकत्व दिलेल्या हंगेरियन वंशाच्या लोकांना टपालाने मत देता येतं. पण हंगेरीत पत्ता असलेला आणि लंडनला नोकरी करणारा माणूस वकिलातीत स्वतः गेला तरच त्याचं मत धरतात. २०२२ मध्ये टपाली मतांपैकी साधारण ९४ टक्के फिदेसला पडली.

---

उत्तरायण

@बोरीबंदर, मान्य, पण २०२२ मध्ये फिदेसला सरळ ५४ टक्के मतं आहेत. त्या वेळी कायदा नसता तरी ते जिंकलेच असते. सत्ता टिकली ती मतांवर, दोन तृतीयांश टिकलं ते कायद्यावर. माझा प्रश्न मतांचा आहे.

---

सांगावा

२०२२ च्या मतांचं उत्तर बरंचसं आदल्या हिवाळ्यात सापडतं.

नोव्हेंबर २०२१ पासून पेट्रोल आणि डिझेलला लिटरमागे ४८० फोरिंटची कमाल मर्यादा. १ जानेवारी २०२२ पासून २५ वर्षांखालच्यांना ठरावीक पगारापर्यंत आयकर माफ. मुलं असलेल्या नोकरदारांना आदल्या वर्षी भरलेला आयकर मर्यादेपर्यंत परत, आणि तो खात्यात पडला मतदानाच्या काही आठवडे आधी. निवृत्तांना फेब्रुवारीत तेराव्या महिन्याचं पूर्ण पेन्शन. साखर, पीठ, तेल, दूध यांचे भाव १ फेब्रुवारीपासून बांधलेले. मग २४ फेब्रुवारीला युक्रेनवर हल्ला झाला आणि मतदान उरलं जेमतेम साडेपाच आठवडे. सरकारी वाहिनी आणि फिदेसच्या फलकांवर एकच गोष्ट चालू राहिली: आम्ही शांततेचे, विरोधक तुमच्या मुलांना युद्धावर पाठवतील. विरोधी आघाडीचे उमेदवार पेटर मार्की-झाय यांना सरकारी वाहिनीवर अख्ख्या प्रचारात पाच मिनिटं मिळाली.

आणि एक तारीख लक्षात ठेवा. कायद्याचं राज्य मोडल्याबद्दल युरोपीय संघाने निधी रोखण्याची प्रक्रिया हंगेरीविरुद्ध औपचारिकपणे सुरू केली २७ एप्रिल २०२२ ला, मतदानानंतर तीन आठवड्यांनी. मतदाराला बिल दाखवलं गेलं ते मत टाकून झाल्यावर.

---

नीलमोहर

>> मतदाराला बिल दाखवलं गेलं ते मत टाकून झाल्यावर

हे फार महत्त्वाचं. पोलंडमध्ये याच्या उलट. कोविडनंतरच्या पुनर्बांधणी निधीतले सुमारे ३५ अब्ज युरो न्यायव्यवस्थेच्या मुद्द्यावर अडकले आणि मतदान होईपर्यंत अडकलेलेच होते. ग्रामपंचायत पातळीवरचे लोकसुद्धा 'आमचा रस्ता यात अडकलाय' असं म्हणू शकत होते.

---

रानजाई

पोलंडबद्दल बोलताना २२ ऑक्टोबर २०२० ही तारीख सोडून चालणार नाही.

२०१५ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष दुदा यांनी घटनात्मक न्यायाधिकरणाच्या नव्या न्यायाधीशांना रात्रीच्या वेळी शपथ दिली. आधीच्या संसदेने रीतसर निवडलेल्या तिघांना शपथ दिलीच नाही आणि त्यांच्या जागी पिसचे तिघे बसवले. लोक रस्त्यावर आले, तरी बहुसंख्यांच्या लेखी तो वकिलांचा वाद होता. २०१९ ला पिसची मतं ३७.५८ वरून ४३.५९ टक्क्यांवर गेली. दर महिन्याला मुलामागे ५०० झ्लॉटी खात्यात येत होते, २०१६ मध्ये दुसऱ्या मुलापासून आणि जुलै २०१९ पासून पहिल्यालाही. कोण विचार करणार न्यायाधिकरणाचा?

मग त्याच न्यायाधिकरणाने निकाल दिला की गर्भात गंभीर व्यंग असलं तरी गर्भपात घटनाबाह्य. २०१९ मध्ये पोलंडच्या रुग्णालयांत झालेल्या १,११० कायदेशीर गर्भपातांपैकी १,०७४ या एकाच कारणाखाली झाले होते, म्हणजे कायदा जवळजवळ बंदच झाला. निकालाविरुद्ध एवढे मोर्चे निघाले, अगदी लहान गावांतही, की सरकारने तो राजपत्रात छापायला २७ जानेवारी २०२१ उजाडवला. पुढे गर्भाचे ठोके थांबायची वाट बघत डॉक्टर थांबले आणि गरोदर बाई दगावली, अशा घटना बाहेर आल्या.

पाच वर्षांपूर्वीची ती रात्रीची शपथ आणि प्रसूती विभागातली ती खाट यांतलं नातं तेव्हा सर्वांना दिसलं. उत्तरायण म्हणतात ते 'घरात पोचणं' हेच. फक्त मी ते जास्त कडक शब्दांत सांगेन: संस्था पोखरली जात असताना लोकांना सांगूनही दिसत नाही, कारण नुकसान होतं ते नंतर आणि दुसऱ्याच खात्यात.

---

गोदातीर

रानजाई, मांडणी पटली पण एक शंका. निकाल २०२० चा, मतदान २०२३ चं. मधल्या काळात पोलंडची महागाई फेब्रुवारी २०२३ मध्ये १८.४ टक्क्यांवर गेली होती. सत्ताधारी कुठलाही असो, एवढ्या महागाईत मार खातोच. आपण सगळं श्रेय लोकशाहीला देतोय.

---

रानजाई

महागाईने नक्कीच हातभार लावला. पण नुसत्या महागाईने वैतागलेला माणूस घरी बसतो किंवा कॉन्फेडेरात्सियाकडे जातो. २०२३ च्या उन्हाळ्यात हा कडवा उजवा पक्ष चाचण्यांत दोन अंकी होता, शेवटी ७.१६ टक्क्यांवर आला. आणि मतदानोत्तर चाचणीप्रमाणे १८ ते २९ वयोगटात मतदान २०१९ मधल्या सुमारे ४६ टक्क्यांवरून ६९ च्या आसपास गेलं. भावांची झळ सगळ्या वयांना लागते, मग या वयोगटाचीच उडी एवढी मोठी का?

---

सांगावा

व्रोत्सवाफ शहरातल्या यागोद्नो वसाहतीचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. नवी वस्ती, तरुण कुटुंबं, केंद्र अपुरं. मतपत्रिका संपल्या, पुन्हा आणाव्या लागल्या. रात्री ९ ला मतदान संपतं, पण ९ वाजता रांगेत असलेल्याला मत देता येतं. ९ च्या ठोक्याला वाहिन्यांनी मतदानोत्तर चाचणी दाखवली, सत्ता जाणार हे रांगेतल्या माणसांना फोनवर कळलं, तरी रांग हलली नाही. शेजारच्यांनी गरम चहा आणि पिझ्झा आणून दिला. शेवटचं मत पडलं पहाटे तीनच्या सुमारास.

---

पन्हाळकर

आपल्याकडे निवडणूक आयोगाने एवढं वाचलं तर रांगेत पिझ्झा नको, भर मे महिन्यात मांडव आणि माठातलं पाणी तरी सगळीकडे मिळेल :)

---

आकडेमोड

आता मूळ मुद्द्यातला 'दुसरा पक्ष' हा भाग. इथे पोलंडच्या विरोधकांनी हंगेरीपेक्षा वेगळं काय केलं त्याचं गणित मांडतो.

हंगेरीत डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने यादी लावायला किमान ७१ मतदारसंघांत उमेदवार उभे करणं सक्तीचं झालं, आधी २७ पुरत होते. एकेका मतदारसंघात समजुतीने एकच उमेदवार द्यायचा तर प्रत्येक पक्षाला ७१ कुठून आणणार? म्हणून सहा पक्ष एका यादीत कोंबले गेले: समाजवादी, ज्युर्चान्य यांचा पक्ष, हरित, उदारमतवादी आणि एके काळी कडवा उजवा असलेला योब्बिकसुद्धा.

२०१८ मध्ये या सहा पक्षांची मिळून मतं साधारण ४६.५ टक्के होती. २०२२ ला एकत्र यादीला मिळाली ३४.४. सात लाखांच्या आसपास मतं गळाली. योब्बिकच्या मतदाराला ज्युर्चान्यच्या बाजूला बसायचं नव्हतं. त्यातला मोठा भाग फिदेसकडे गेला, काही योब्बिकमधून फुटलेल्या 'मी हाझांक'कडे. त्या पक्षाला ५.८८ टक्के मतं आणि ६ जागा मिळाल्या.

पोलंडमध्ये मुख्य विरोधी नेते (पुढे पंतप्रधान झालेले) डोनाल्ड टुस्क यांना एकच यादी हवी होती. ती झाली नाही, तीन याद्या लागल्या. तिथली पद्धत प्रमाणशीर आहे, ४१ मतदारसंघ, प्रत्येकी ७ ते २० जागा, वाटप डोंट सूत्राने: प्रत्येक यादीची मतं १, २, ३, ४ ने भागत जायची आणि येणाऱ्या सगळ्यांत मोठ्या संख्यांना जागा द्यायच्या.

कल्पित उदाहरण, ८ जागा. अ ला ४०, ब ला २९, क ला १५, ड ला ९, ई ला ७ टक्के. सर्वांत मोठ्या आठ संख्या: ४०, २९, २०, १५, १४.५, १३.३, १०, ९.७. म्हणजे अ ४, ब ३, क १, ड आणि ई शून्य.

आता ड आणि ई एक झाले, १६ टक्के. पुन्हा मोजा: ४०, २९, २०, १६, १५, १४.५, १३.३, १०. अ च्या चार तशाच राहिल्या! नव्या जोडीला जागा मिळाली ती ब ची तिसरी. म्हणजे लहान पक्ष जोडले की सत्ताधाऱ्याचंच कमी होतं असं नाही, मित्राचंही होऊ शकतं. आणि मतं गळाली तर अ ला पाचवीही मिळू शकते.

---

बोरीबंदर

गणित स्वच्छ मांडलंत. त्याला जोडून: यादीला ५ टक्क्यांचा उंबरठा, आघाडीच्या यादीला ८ टक्के. २०१५ मध्ये डाव्यांची आघाडी ७.५५ वर अडकली, त्यांचा एकही खासदार नाही. इतरही काही पक्ष ५ च्या खाली राहिले, एवढी मतं वाया गेली की पिसला ३७.५८ टक्क्यांत २३५ जागा म्हणजे एकट्याचं बहुमत मिळालं. त्याच बहुमतावर न्यायाधिकरण घेतलं. ०.४५ टक्क्यांनी देशाचा इतिहास वळला असं म्हणायला हरकत नाही.

म्हणून २०२३ च्या शेवटच्या आठवड्यांत टुस्क यांचे काही मतदार ठरवून 'तिसरा मार्ग' या आघाडीकडे गेले. ती शेतकरी पक्ष आणि होवोव्न्या यांच्या पक्षाची आघाडी, म्हणून ८ चा उंबरठा लागू. घसरली असती तर २०१५ ची पुनरावृत्ती. मिळाले १४.४ टक्के, ६५ जागा.

---

उत्तरायण

आणि या १४.४ मध्ये गावाकडचा, चर्चला जाणारा, पिसला कंटाळलेला पण टुस्क यांना कधीच मत न देणारा मतदारही होता. लाज न घालवता जायची जागा म्हणतो ती ही. सिनेटमध्ये मात्र पोलंडच्या विरोधकांनी एकास एक उमेदवार दिले, कारण तिथे १०० एकसदस्य मतदारसंघ आहेत. पिसला १०० पैकी ३४ मिळाल्या. ज्या सभागृहाची जी पद्धत, तशी युती.

---

खडीसाखर

त्याच दिवशी सार्वमतही होतं ना? त्याचं काय झालं?

---

नीलमोहर

हो, आणि ते मतदारांनी कसं हाताळलं ते शिकण्यासारखं आहे.

चार प्रश्न: सरकारी मालमत्ता विकावी का, निवृत्तीचं वय वाढवावं का, बेलारूस सीमेवरची भिंत काढावी का, हजारो बेकायदा स्थलांतरित घ्यावेत का. प्रश्नच असे रचलेले की 'नाही' म्हटलं की पिसचा प्रचार होतो. शिवाय सार्वमताच्या प्रचाराला निवडणूक खर्चाची मर्यादा लागू नव्हती, सरकारी कंपन्यांचे न्यास त्यात पैसा ओतू शकत होते.

सार्वमत बंधनकारक व्हायला निम्म्याहून जास्त मतदार सहभागी व्हावे लागतात. कोरी पत्रिका पेटीत टाकली तरी सहभाग मोजला जातो, हीच मेख होती. म्हणून स्वयंसेवी गट आठवडेच्या आठवडे एकच गोष्ट सांगत राहिले: टेबलावर तीन पत्रिका मिळतील, सेयमची (संसदेचं कनिष्ठ सभागृह), सिनेटची (वरिष्ठ सभागृह) आणि सार्वमताची. तिसरी हातात घेऊच नका, 'मला ही नको' असं सांगा आणि मतदार यादीत तशी नोंद झाली का ते बघा. ज्यांच्या हातात आधीच दिली गेली त्यांनी ती लगेच परत करावी.

संसदेसाठी ७४.३८ टक्के, त्याच रांगेत सार्वमतासाठी ४०.९१. दहा मिनिटांच्या फरकाने, त्याच टेबलावर, लाखो लोकांनी अधिकाऱ्यासमोर तोंडाने 'नको' म्हटलं. लहान गावात, जिथे टेबलापलीकडची बाई ओळखीची असते, तिथे हे सोपं नाही. गुप्त मतदानाचा तो भाग तिथे उरत नव्हता.

---

पन्हाळकर

अवांतर: पोलंडचं आणि कोल्हापूरचं नातं इथे किती जणांना माहीत आहे? दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते ४८ वळिवड्याच्या छावणीत राहिले. शाळा, चर्च, सगळं होतं. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे.

---

गोदातीर

पन्हाळकर, सुंदर माहिती, वेगळा धागा काढाच.

आपल्याकडचा म्हणाल तर या विषयाला १९७७ चा दाखला जास्त लागू पडतो. आणीबाणी २१ महिने. निकालात काँग्रेस १५४ वर. उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य. पण आंध्रात ४२ पैकी ४१. सेन्सॉर आणि अटकेचे कायदे दोन्हीकडे सारखेच होते. फरक नसबंदीच्या सक्तीचा. १९७६-७७ मध्ये देशात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि जबरदस्तीचा कहर उत्तरेत होता. महाराष्ट्रात तर विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये मंजूरही केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. इथे काँग्रेसला ४८ पैकी २० मिळाल्या.

रानजाई म्हणतात तेच, शरीरापर्यंत आलं तिथे मतदार पेटला. आणि १९८० ला इंदिरा गांधी ३५३ जागांनी परत आल्या, हेही विसरू नये.

---

खडीसाखर

१९८० चा मुद्दा पोलंडलाही लागतो का?

---

बोरीबंदर

दुर्दैवाने बराच लागतो. टुस्क सरकारकडे २४८ खासदार होते, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडायला तीन पंचमांश म्हणजे सगळे हजर असले तर २७६ लागतात. दुदा सही करत नव्हते, म्हणून न्यायालयांचे कायदे अडले. २०१८ नंतर न्यायाधीश निवडणाऱ्या वादग्रस्त मंडळाच्या शिफारशीवरून नेमलेले दोन हजारांहून जास्त न्यायाधीश, त्यांनी दिलेले निकाल, घटस्फोट, वारसा, कर्ज, हे सगळं एका फटक्यात रद्द करता येत नाही. ज्यांनी २०२३ ला रात्रभर रांग लावली त्यांना दीड वर्षात हाती काय लागलं, याला ठोस उत्तर नव्हतं. गर्भपाताचा कायदाही बदलला नाही, कारण सत्ताधारी आघाडीतच मतं फुटली.

१ जून २०२५ ला पिसचा पाठिंबा असलेले कारोल नाव्रोत्स्की ५०.८९ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. मोडणाऱ्याला एक रात्र पुरते, दुरुस्त करणाऱ्याला कायद्याने चालावं लागतं. मतदार मात्र दोघांना एकच घड्याळ लावतो.

---

सांगावा

त्याच निवडणुकीच्या पहिल्या फेरीत कॉन्फेडेरात्सियाचे मेंत्सेन यांना १४.८१ आणि त्यांच्याहून कडव्या ब्राउन यांना ६.३४ टक्के मिळाले. २०२३ मध्ये ७ टक्क्यांवर आलेली मंडळी दोन वर्षांत २१ वर. तिशीच्या आतल्या मतदारांत मेंत्सेन पहिले. म्हणजे यागोद्नोच्या वयाचे मतदार लोकशाहीचे कायमचे राखणदार झाले असं समजू नये. तरुण दोन्ही जुन्या पक्षांना कंटाळलेत, एकदा त्याचा फायदा टुस्कला झाला, एकदा मेंत्सेनला.

---

नीलमोहर

आणि दुसऱ्या फेरीआधी नाव्रोत्स्की मेंत्सेनच्या यूट्यूब वाहिनीवर गेले आणि त्यांच्या आठ मागण्यांवर सही करून आले. टुस्क यांच्या पक्षाचे उमेदवार त्शास्कोव्स्कीही गेले, पण त्यांनी सही केली नाही. मोठा पक्ष कडव्या पक्षाची भाषा बोलू लागला की मतं परत येतात, हा समज पश्चिम युरोपातल्या अभ्यासांत टिकलेला नाही. साधारणपणे मूळ कडवा पक्षच अधिक मान्य होतो.

---

बोरीबंदर

@नीलमोहर, हंगेरीत मात्र ओर्बान यांना ते साधलं. २०१४ ला योब्बिक २०.२२ टक्के, एप्रिल २०१५ ला त्यांनी तापोल्चाची पोटनिवडणूक फिदेसकडून हिसकावली. त्याच वर्षी सप्टेंबरात सीमेवर कुंपण उभं राहिलं, निर्वासितांचा विषय फिदेसने पूर्ण ताब्यात घेतला आणि योब्बिक मध्याकडे सरकत गेला. फक्त किंमत बघा: कडवा पक्ष संपवताना सरकारच कडवं झालं. याला यश म्हणायचं का हा वेगळा प्रश्न.

---

गोदातीर

हंगेरीचा मतदार अगदी निद्रिस्त होता असंही नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये इंटरनेटवर गिगाबाइटमागे १५० फोरिंट कर लावायची घोषणा झाली आणि हजारो लोक मोबाइलचे दिवे पेटवून रस्त्यावर आले. महिना संपायच्या आत सरकारने माघार घेतली. २०१५ च्या फेब्रुवारीत वेस्प्रेमची पोटनिवडणूक एका अपक्षाने जिंकली आणि दोन तृतीयांश तिथेच गेलं. घटना बदलताना जे झालं नाही ते इंटरनेटच्या बिलाने केलं.

---

आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे येतो. इतका वेळ सगळे टक्केवारीत बोलतोय, एकदा डोकी मोजूया.

पिसला २०१९ मध्ये ८०.५ लाख मतं होती. २०२३ मध्ये ७६.४ लाख. फक्त चारेक लाखांची घट! एकूण वैध मतं मात्र १ कोटी ८४.७ लाखांवरून २ कोटी १६ लाखांवर गेली. म्हणजे पिसचा मतदार फारसा फुटलाच नाही. जो घरी बसायचा तो बाहेर आला, आणि तो बहुतांशी पिसविरोधात गेला. ३.५ टक्क्यांचा निष्कर्ष इथे खोटा ठरत नाही, उलट जुळतो: पक्षाचा माणूस लोकशाहीसाठी पक्ष सोडत नाही. पोलंडमध्ये बदल घडला तो आधी मतच न देणाऱ्यांमुळे.

आता हंगेरी. मतदान २०१८ मध्ये ७०.२ टक्के, २०२२ मध्ये ६९.६. पोलंडमध्ये २०१९ ला ६१.७४ होतं, तिथे साठा शिल्लक होता. हंगेरीत बाहेर काढायला फारसं कोणी उरलंच नव्हतं. तिथे जिंकायचं तर फिदेसचा मतदार फोडावा लागणार होता, आणि त्याच्यापुढे ज्युर्चान्यचा पक्ष असलेली यादी ठेवली गेली.

---

उत्तरायण

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, धन्यवाद. म्हणजे 'दुसरा पक्ष' ही अट दोन्हीकडे सारखी नाही. साठा शिल्लक असेल तिथे लोकांना उठवणारं कारण पुरतं. साठा संपला की समोरच्याचा मतदार स्वीकारेल असा माणूसच लागतो. मार्की-झाय स्वतः सात मुलांचे बाप, कॅथलिक, लहान शहराचे महापौर. होद्मेझोवाशार्हेयसारखा फिदेसचा बालेकिल्ला त्यांनी २०१८ मध्ये घेतला होता. माणूस बरोबर होता, यादी चुकीची होती असं म्हणता येईल का?

---

बोरीबंदर

म्हणता येईल. महापौरपदाला ते अपक्ष उभे होते आणि सगळ्या विरोधी पक्षांनी नुसता बाहेरून पाठिंबा दिला होता. फिदेसच्या मतदाराला त्या मतपत्रिकेवर ज्युर्चान्यचं नाव दिसत नव्हतं.

---

रानजाई

@आकडेमोड, एक भर. २०२५ मध्ये दुसऱ्या फेरीत ७१.६३ टक्के मतदान झालं. म्हणजे २०२३ ला बाहेर आलेले बहुतेक परत घरी बसलेले नाहीत, फक्त आता ते एकाच बाजूचे राहिलेले नाहीत. पुढच्या वेळी पोलंडमध्येही साठा जवळपास संपलेला असेल आणि तिथल्या विरोधकांना, कोणीही असोत, हंगेरीचं गणित सोडवावं लागेल. पिसला सोडून मेंत्सेनकडे गेलेला तिशीतला माणूस कोणत्या यादीला मत देईल, याचं उत्तर तिथे आत्ता कोणाकडे आहे असं दिसत नाही.